मोगऱ्याला ‘सिंचन’ नको, शिंपण हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील घरच्या बागेविषयीचे सदर मी नेमाने वाचतो. गेल्या आठवड्याच्या लेखात ‘कुंडीतील झाडांना सकाळी लवकर सिंचन करावे’ असे एक वाक्य होते आणि दोनच परिच्छेदांनंतर ‘वॉटरिंग दिवसाआड करा’ असे दुसरे. सल्ला अगदी योग्य होता. पण ज्या कामाला मराठीत घरोघरचा, रोजचा शब्द आहे, त्याला एकदा सरकारी योजनेचा शब्द आणि एकदा इंग्रजी शब्द लावलेला पाहून मला वाईट वाटले. मुंबईतील सार्वजनिक उद्यानांत माळ्यांबरोबर ३२ वर्षे काम केल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे.

उद्यानात माळी चारी दिशांचे असत आणि झाडांना पाणी घालण्याच्या एकाच कामाला प्रत्येकाचा शब्द निराळा असे. गुहागरकडचे माळी ‘सकाळचे शिंपण आटोपले’ असे सांगत. सातारा भागातून आलेले गृहस्थ हिरवळीला ‘पाणी धरायला’ जात आणि हाती रबरी नळी असली तरी ‘दारे मोडून आलो’ असे म्हणत. विदर्भातील एका माळ्याच्या तोंडी ‘ओलीत’ हा शब्द असे. आरंभी मला हे केवळ बोलींचे फरक वाटले. पुढे ध्यानात आले की प्रत्येकाच्या शब्दामागे त्याच्या गावचे पाणी मुळापर्यंत कसे पोहोचते, त्याची रीत उभी आहे. कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर शेती करणारा माणूस फावडे घेऊन पाटावर उभा राहतो, एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवतो आणि पुढच्याचे उघडतो. तेच ‘दारे धरणे’. त्याच्या लेखी पाणी ही वाहती गोष्ट आहे, तिला वळवायचे असते, म्हणून क्रियापद ‘धरणे’. कोकणातल्या आगरात, मग ते अलिबागकडच्या अष्टागरातले असो की रत्नागिरीकडचे, माड आणि पोफळी वाळूमिश्रित जमिनीत उभ्या असतात. रहाटाला जुंपलेला बैल गोल फिरे, गाडग्यांतून पाणी पन्हळीत ओतले जाई, तेथून पाटाने ते आळ्यांपर्यंत येई आणि जेथे पाट पोहोचत नसे तेथे पोफळीच्या विरीने (गळलेल्या झावळीच्या रुंद बुडख्याने) किंवा डब्याने पाणी उचलून झाडाच्या बुंध्याशी फेकले जाई. हे शिंपणे. त्यात हात आहे, माप आहे आणि प्रत्येक झाडापाशी क्षणभर थांबणे आहे.

‘सिंचन’ या शब्दाशी माझे वैर नाही. संस्कृत ‘सिच्’ धातूची प्राकृतात ‘सिंचइ’ आणि ‘सिंपइ’ अशी दोन्ही रूपे होती आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ती नोंदवली आहेत. म्हणजे ‘सिंचन’ आणि ‘शिंपणे’ ही एकाच घरातली भावंडे. एक शिकून कचेरीत गेले, दुसरे वाडीत राहिले. ठिबक सिंचन, तुषार सिंचन, उपसा सिंचन हे शब्द रास्त आहेत, कारण तेथे यंत्रणा आहे, क्षेत्र आहे, हेक्टरांचा हिशेब आहे. (जाता जाता सांगतो, ‘पाटबंधारे खाते’ हे जुने नाव मला आजही अधिक आवडते, कारण त्यात पाटही दिसतो आणि बंधाराही.) मात्र दहा इंची कुंडीतल्या तुळशीला कोणी सिंचन करीत नाही.

याच घरातला तिसरा शब्द ‘शिंपडणे’. दादरच्या मंडईत भाजीवाली मेथीच्या जुड्यांवर ओल्या हाताने पाणी शिंपडते. सत्यनारायणाच्या दिवशी गुरुजी आंब्याच्या डहाळीने घरभर पाणी शिंपडतात. लग्नात गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाते. तेथे थेंब हवेत, धार नको. झाडाच्या बुडाशी नुसते शिंपडले तर वरची माती काळी दिसते आणि मूळ कोरडेच राहते. म्हणूनच ‘झाडांवर पाणी शिंपडा’ आणि ‘झाडे शिंपा’ या दोन सूचनांत झाडाच्या जिवाचा फरक आहे. ‘फवारणे’ पंपाने होते. ‘पाणी मारणे’ हा बांधकामावरचा शब्द. नव्या स्लॅबला पाणी मारतात आणि क्रिकेटच्या खेळपट्टीलाही. मुंबईतील हवा बिघडल्यावर महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली जाहीर केली, तेव्हापासून वृत्तपत्रांत सर्वत्र ‘फवारणी’ हा शब्द दिसतो. यंत्रातून धुके उडत असेल तर तो ठीक आहे. पण टँकर रस्ता भिजवीत जातो, तेव्हा त्याला ‘सडा घालणे’ म्हणण्यास काय हरकत आहे? आपल्या घरापुढचा सडा धूळ बसवण्यासाठीच असतो आणि याच मुंबईचे रस्ते एके काळी भिश्ती पखालीच्या पाण्याने असेच भिजवीत असत. शिमग्याच्या सुमारास संगमेश्वराकडे रंगाच्या पाण्याचा जो उत्सव होतो, त्याचे नाव तर ‘शिंपणे’ असेच आहे.

शब्द गेले की काय होते, हे मी स्वतःच्या घरी पाहिले. मी गिरगावात चाळीत राहतो आणि गॅलरीत माझा बारा वर्षांचा मोगरा होता. थंडीच्या अखेरीस मी त्याची छाटणी केली आणि पाणी तोडले. बागाईतदार यालाच ‘ताण देणे’ म्हणतात; डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरताना झाडाला काही काळ मुद्दाम तहानलेले ठेवतात आणि मग पाणी देऊन ताण तोडतात, म्हणजे ते फुलावर येते. त्याच सुमारास मला पंधरा दिवस गावी जावे लागले. शेजारच्या मुलाला मी सांगून गेलो, ‘मोगऱ्याला ताण दिला आहे. आठ दिवसांनी ताण तोड, आणि मग वाफसा बघून शिंप.’ मुलगा गुणी आणि हुशार आहे, मराठीतच बोलतो. पण ताण, वाफसा आणि शिंपणे या तिन्ही शब्दांपैकी एकही त्याने कधी ऐकला नव्हता आणि संकोचाने त्याने विचारलेही नाही. त्याने पहिल्या दिवसापासून रोज अर्धी बादली पाणी मनोभावे ओतले. मी परतलो तेव्हा पाने पिवळी पडून गळली होती, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले होते आणि माती उकरून पाहिली तर मुळे तपकिरी होऊन हाताला मऊ लागत होती. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. दोष त्याचा नव्हता. मी सोप्या शब्दांत सांगायला हवे होते. परंतु ‘वाफसा’ या शब्दाला सोपा पर्याय तरी कोणता द्यावा? पाणी दिल्यानंतर जास्तीचे पाणी निचरून गेले आहे, ओल टिकून आहे आणि मातीच्या कणांमध्ये पुन्हा हवा खेळू लागली आहे, अशी जमिनीची ती अवस्था. मुळांना श्वास लागतो, हे त्या एका शब्दात आले. ‘रोज वॉटरिंग करा’ या वाक्यात ते येत नाही.

पाणी घालण्याचे हे शब्द बागेपुरते राहिलेले नाहीत, म्हणून त्यांची अधिक काळजी वाटते. हक्कावर ‘पाणी सोडतो’ असे आपण म्हणतो, ते दान देताना हातावर उदक सोडण्यावरून. बळीराजा वामनाला दान देण्यासाठी असेच उदक सोडणार होता, तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि धार अडली. आजही कोणाचे काम मध्येच अडवणाऱ्याला आपण ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणतो. ज्या घरात झाडाला पाणी घालण्याची झारीच उरली नाही, प्लास्टिकची बाटली तिच्या जागी आली, तेथे या वाक्प्रचाराचे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे कसे उभे राहावे? संशयाला घातलेले ‘खतपाणी’, संसाराचे ‘रहाटगाडगे’ हेही त्याच वाडीतून आलेले. आम्हा गिरगावकरांच्या पत्त्यांत फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी अजून आहेत. त्या वाड्यांत झाडे शिंपणारी माणसे होती. आता तेथे इमारती आहेत.

आपणास विनंती एवढीच की सदराच्या लेखकांनी कुंडीसाठी ‘पाणी घालावे’ किंवा ‘शिंपावे’ असे लिहावे, ‘सिंचन’ शेतासाठी राखून ठेवावे आणि ताण, वाफसा, आळे, आंबवणी (लावणीनंतर तीन-चार दिवसांनी द्यायचे हलके पाणी) यांसारख्या शब्दांचे अर्थ दर रविवारी एका लहान चौकटीत द्यावेत. निरनिराळ्या जिल्ह्यांतील माळ्यांकडून ऐकलेले असे शब्द मी नोकरीच्या काळात एका वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यांचा उपयोग होणार असेल तर वही आपल्या कार्यालयात आणून देईन. शेजारच्या मुलाने मोगऱ्याचे नवे कलम आणले आहे. त्याला फूट येईपर्यंत मला सकाळी वेळ काढता येणार नाही, तेव्हा दुपारी चारनंतर आलेले चालेल का, हे कृपया कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक
गिरगाव, मुंबई