वही दाखवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नाटकं करून ऊसतोडीच्या लेकरांचं पोट भरतं का?" बसमध्ये होते, रेंज जात-येत होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. पोट नाही भरत. पोटाचं बघायला हंगामी वसतिगृह आहे. आमची संस्था संध्याकाळी तिथं जाते ती दुसऱ्याच कामाला.

दसरा झाला की बीडकडची गावं कशी ओस पडतात, हे तुम्हाला काय सांगायचं! नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरगी जरा कळती झाली की तीही सोबत, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला. मागं राहिलेली वसतिगृहात, नाहीतर आजीजवळ. वर्गात काही विचारलं की यांची मान खाली. मोळी कशी बांधतात, खाडा पडला की किती कापतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण ते कोणी विचारत नाही.

आम्ही लिहिलेलं नाटक देतच नाही. आधी आरशाचा खेळ, मग पुतळे. 'फडावरची पहाट' म्हटलं की चारजण जिथल्या तिथं थिजतात. बोलणं फार उशिरा येतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची एक रीत आम्ही वापरतो. प्रसंग एकदा करून दाखवायचा. दुसऱ्यांदा करताना बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणायचं, आत येऊन पात्राची जागा घ्यायची आणि पुढचं बदलून बघायचं.

मागच्या आठवड्यात उचलीचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, प्रसंग होता. सहावीतला एक पोरगा मुकादम झालेला. गळ्यात टॉवेल, खिशाला पेन, मोबाइल म्हणून कानाला डस्टर. काय हुबेहूब! "अजून चाळीस हजार फिटले नाहीत, पुढच्या साली यावं लागंल." आई झालेली मुलगी नुसती मान डोलावते. तेवढ्यात मागून "थांबा" आलं. दिवाळीपासून तोंड न उघडलेली पोरगी उठली, ओढणीचा पदर खोचला आणि म्हणाली, "वही दाखवा. किती फिटले ते लिव्हलंय का?"

मुकादम गडबडला. हे कुणी विचारलेलं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. मग बघायला आलेल्या म्हाताऱ्यांतून एक आजी ओरडली, "वही घरी राहिली म्हणंल त्यो! दरसाल तेच म्हणतोय!" आम्ही आजीलाच आत घेतलं. तिनं त्या बिचाऱ्या पोराला लवकर काही सोडलं नाही.

यानं उचल फिटत नाही, हे मलाही कळतं. पण तो सवाल पोरीला कुणी शिकवला नव्हता.

मला चीड येते ती गॅदरिंगच्या नाटुकल्यांची. लेकरांच्या तोंडी स्वच्छतेची भाषणं, पाहुण्यांच्या टाळ्या, संपलं. आमच्याकडेही मोह आहेच. देणगीदारांना रडवेलं लेकरू दाखवलं की पैसे पटकन येतात. त्यावरून ऑफिसात भांडणं होतात आणि मी त्यात पुढं असते. रत्नाकर मतकरी तुमचे आवडते ना? त्यांनी २०१४ पासून ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच'मध्ये वस्तीतल्या मुलांबरोबर हेच केलं. विषय मुलांचे, नाटकंही मुलांनीच बसवायची.

आणि बाबा, तुम्ही सप्त्यात नाथांचं भारूड करता तेव्हा सोंगाच्या आडून पाटलालासुद्धा सुनावता. त्यानं कुणाचं पोट भरतं?

पाडव्यानंतर आई-बाप फडावरून परतायला लागतील, तेव्हा त्यांच्यापुढं प्रयोग करायचा विचार आहे. तुम्ही दोघं या. दिमडी आणा, इथं कुणाला ताल धरता येत नाही. आई, तुझी जुनी लुगडी असतील तर बांधून ठेव, विरलेली चालतील. मुकादमाला फेटाही पाहिजे. बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची लेक