‘अधीन राहून’ कापलेले पाइप

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

साहेब, माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ३२ ग्रिल पडून आहेत. एका सरकारी इमारतीच्या खिडक्यांच्या मापाने केलेले, दुसरीकडे कुठेच बसत नाहीत. यंदाच्या पावसात रेडऑक्साइडखालून गंज वर आलाय.

निविदेत आमचा दर सर्वांत कमी होता. काम आम्हालाच द्यायचा इरादा असल्याचं सांगणारं इरादापत्र आलं, पाठोपाठ शाखा अभियंत्यांचा फोन : ‘‘पत्र निघालंय ना? मग माल घ्या, मार्चच्या आत संपवायचंय.’’ काम सुरू करण्याचा रीतसर हुकूम, म्हणजे कार्यारंभ आदेश, मागाहून येणार होता. पत्राच्या तळाशी ‘निधी उपलब्धतेच्या अधीन राहून’ हे शब्द होते. वाचले होते मी, खोटं कशाला बोलू? पण दर कागदावर छापलेले हे शब्द मनावर घेतले, तर ठेकेदाराने घरीच बसावं. एप्रिलमध्ये कळलं, निधीही नाही आणि आदेशही नाही.

वकिलांकडे गेलो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ म्हणतं, स्वीकृती बिनशर्त हवी. घटनेच्या कलम २९९ नुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने, रीतसर व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ड्रेसर रँड प्रकरणात २००६ मध्येच सांगितलंय की इरादापत्र म्हणजे पुढे करार करण्याचा इरादा, करार नव्हे. राहिलं करार कायद्याचंच कलम ७०. रीतसर करार नसला तरी सरकारने कामाचा लाभ घेतला असेल, तर भरपाई. त्याच आधारावर बंगालातल्या बी. के. मोंडल या ठेकेदारांना १९४४ च्या कामाचे पैसे देणं सरकारला भाग पडलं, निकाल १९६१ चा. सतरा वर्षं! माझे ग्रिल तर खिडकीला लागलेच नाहीत, मग सरकारने लाभ कसला घेतला?

उलट, त्याच पत्रानंतर मी माघार घेतली असती, तर निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम जप्त झाली असती. म्हणजे मला बांधायला तो कागद पक्का, तुम्हाला बांधायला कच्चा.

एक परिपत्रक काढा. इरादापत्राच्या तळाशी नव्हे, पहिल्याच ओळीत ठळक छापा : ‘कार्यारंभ आदेशाशिवाय माल घेऊ नये.’ आधी काम हवंच असेल, तर अभियंत्याने रकमेच्या मर्यादेसह लेखी द्यावं, फोनवर नाही. आणि ठरलेल्या दिवसांत आदेश निघाला नाही, तर बयाणा आपोआप परत मिळावा.

त्या इमारतीच्या खिडक्यांना अजून ताडपत्रीच आहे. मापं माझ्या वहीत आहेत.

आपला,
एक लहान ठेकेदार