डिझेल गाडीला स्पार्क प्लग कुठला?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नसेल, तर काय करावं ते आलं होतं आणि पहिलाच सल्ला, स्पार्क प्लग साफ करा. अहो भाजी-टोमॅटो वाहणाऱ्या आमच्या जुन्या पिकअप बहुतेक डिझेलच्या, त्यात स्पार्क प्लग नसतोच, फार तर हीटर प्लग, तोही थंडीत इंजिन चालू होण्यापुरता.

माझी गाडी 2006 ची. गेल्या महिन्यात कल्याणला माल उतरवून नारायणगावला परत येत होतो तर माळशेज चढताना अचानक एक ठोका चुकायला लागली, पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, कशीबशी तीन सिलेंडरवर घरी आणली. गॅरेजवाला नुसता आवाज ऐकून म्हणाला इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरा. चाळीस हजार! मी गाडी काढून घेतली आणि डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गाडी स्लोवर ठेवली आणि 17 चा पाना घेऊन नोझलच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपांचे नट एकेक करून थोडे ढिले केले, म्हणजे त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. पहिला ढिला केला की इंजिनचा आवाज बसायचा, दुसरा, चौथा तसंच, तिसऱ्याला मात्र काहीच फरक नाही, म्हणजे तीन नंबर आधीच झोपलेलं. मग इंजिन बंद करून तीन नंबरचं नोझल एकला आणि एकचं तीनला लावलं तर मिसिंग एक नंबरला गेलं, म्हणजे दोष नोझलचाच. तीनलाच राहिलं असतं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघायचं, व्हॉल्व्ह, रिंगा, तेव्हा कुठे इंजिन खोलायची गोष्ट. नोझलची सुई अडकत होती, डिझेल फिल्टरखालचा बोल्ट काढला तर आधी पाणीच आलं. नवीन नोझल, बेंचवर प्रेशर सेट, नवीन तांब्याचा वॉशर, सगळं मिळून दोन हजाराच्या आत.

मिसिंग एकसारखं नसून मधेच येत-जात असेल तर मिस्त्री म्हणाले आधी डिझेलच्या लाइनमध्ये एअर शिरते का बघ, रबरी पाइप चिरलेला असतो.

आता हे वाचून कोणी कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या, गाडीचे नट ढिले करू नका हां, तिथलं प्रेशर 1000 बारच्या वर जातं, डिझेल कातडीतून आत घुसतं. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाचं.

तेवढी स्पार्क प्लगची दुरुस्ती छापा, आमच्या स्टँडवर दोघांनी लेख वाचून प्लग शोधायला बॉनेट उघडलं होतं.

एक पिकअपवाला, नारायणगाव