लघुपटात आजी दिसते, ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा पानावर लघुपट स्पर्धांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. सुरतेला उधना-लिंबायतकडे गेलेला मुलगा, गावात राहिलेली माय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येऊ न शकलेली लेक. खान्देशातल्या तरुणांना हे विषय शोधावे लागत नाहीत. चित्रीकरणही मोबाइलवर बरे होते. बहुतेक लघुपट पडतात ते आवाजात.

मोबाइल सहा फुटांवर ठेवला की त्याचा माइक माणसापेक्षा खोलीच जास्त टिपतो. त्यामुळे कॉलर माइक हवाच. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, पदराच्या आत नको. लुगड्याची घासण आणि पोतीचा खळखळाट नंतर काढता येत नाही. पंखा, कूलर, फ्रीज बंद करावेत. एप्रिल-मेच्या खान्देशात हा सल्ला क्रूरच, म्हणून सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ धरावी. (फ्रीज बंद केल्यावर गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे निघताना तो सुरू करायचे विसरत नाही.) पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. तिथे कॅमेऱ्यामागे आणि बाजूला दोन-तीन गोधड्या टांगाव्यात. बोलणे संपले की सर्वांनी गप्प राहून मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करावा. संकलनात वाक्ये कापली की मध्ये जी मुकी भोके पडतात, ती यानेच बुजतात. हा आवाज घेतलेला नसतो, म्हणून तर आपल्याकडे दर दहा सेकंदांनी बासरी वाजते.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला तर आणखी एक घोळ होतो. मोबाइलचा फ्रेम-दर, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, स्थिर नसतो. पाच-सात मिनिटांत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात. चित्र आणि आवाज जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवावी आणि संकलनाआधी फाइल स्थिर फ्रेम-दरात बदलून घ्यावी. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ३० फ्रेम, १/६० वर ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात.

विरहाच्या गोष्टीत व्हिडिओ कॉल येतोच. त्यातला पलीकडचा आवाज फोनच्या स्पीकरवरून टिपू नये. सुरतेच्या नातेवाइकाने त्याच वेळी दुसऱ्या मोबाइलवर स्वतःचे बोलणे मुद्रित करावे आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करावा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). चार बाय सहा इंचांच्या फोटोचे त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. मग फोटोतल्या एका चेहऱ्यापर्यंत जाता येते.

लघुपटात बहिणाबाई चौधरींच्या कविता वापरण्याच्या हक्काबद्दल गैरसमज फार आहे. त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आला. मरणोत्तर प्रकाशित साहित्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, म्हणजे २०१२ अखेर संपला. शब्द खुले झाले, पण प्रसिद्ध चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता आहे. कुणाच्या तरी रेकॉर्डवरून उचलून लावली की यूट्यूबवर दावा येतो आणि महोत्सव अर्ज नाकारतात. त्यापेक्षा घरच्याच बाईने म्हटलेली जात्यावरची ओवी घ्यावी. तिची परवानगी मात्र कॅमेऱ्यासमोर विचारून घ्यावी.

आयोजकांनाही विनंती आहे. 'किमान १५ मिनिटे' आणि 'सामाजिक संदेश आवश्यक' या दोन अटींनी चांगले लघुपट बिघडतात. मायकेल डुडॉक द विट यांचा 'फादर अँड डॉटर' (२०००) जेमतेम आठ-नऊ मिनिटांचा आहे. जपानच्या कुनिओ कातो यांचा घर आणि चढत्या पाण्याचा लघुपट (२००८) बारा मिनिटांचा. दोन्हींत संवाद नाहीत, संदेश तर नाहीच, आणि दोन्हींना ऑस्कर मिळाले. एकात मुलीची सायकल आणि दुसऱ्यात पाण्याखाली गेलेल्या खोल्या सगळे सांगून जातात, म्हणून ते शिरपुरातही कळतात.

संवाद असतीलच तर ते अहिराणीतच राहू द्यावेत, स्पर्धेसाठी पुणेरी करू नयेत. खाली मराठी उपशीर्षके द्यावीत. एका वेळी दोनच ओळी, आणि छोटे वाक्यही निदान एक सेकंद टिकले पाहिजे. उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरे सांभाळणाऱ्या संगणकीय पद्धतीत) जतन केली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. हे आयोजकांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, त्याच संगणकावर तपासावे. आवाजाची पातळीही तेव्हाच ठरवावी. गुणपत्रिकेत 'छायाचित्रण' असतेच. 'ध्वनी' हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. यंदा तो घालावा, निदान २० गुणांचा.

– लघुपटांच्या ध्वनिसंकलनाचे काम करणारे दोन वाचक, अमळनेर