उद्यमनगरातल्या टर्नर मामांना

मामा, सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चार लोकांत नाव आलेलं तुम्हाला रुचणार नाही. पण आभार मानल्याशिवाय राहवतही नाही.

आपल्या कोल्हापुरात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांची नावं ऐकतच मुली मोठ्या होतात. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं आणि आमच्या लेकीचा नेमबाजीचा हट्ट पक्का झाला. नवी एअर रायफल परवडण्यातली नव्हती, म्हणून जुनी घेतली. आधीचा मालक उंचापुरा गडी. त्याला पुढून जड हवी असायची, म्हणून बॅरलवर त्यानं पोलादी स्लीव्ह, म्हणजे वरून बसणारी नळी, चढवलेली. एकूण भरली ५.३ किलो. नियमात ५.५ किलोपर्यंत चालते. विकणारा म्हणाला, "नियमात बसतीय न्हवं? मग झालं." रायफल नियमात बसत होती, चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात बसत नव्हती.

उभं राहून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाठीतून मागं झुकून ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे. मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिसाव्या शॉटच्या पुढे रायफलची नळी खाली ओढायला लागायची आणि रात्री कंबर शेकावी लागायची. एकानं सांगितलं, जड रायफल म्हणजे स्थिर रायफल, सवय होईल. दुसऱ्यानं डंबेल्स आणायला लावले. तिसऱ्या वर्कशॉपनं तीन आठवडे ठेवून घेतली आणि वजन तेवढंच ठेवून वर एक ओरखडा तेवढा जादा दिला. त्याची पावती मात्र व्यवस्थित मिळाली.

मग तुमच्याकडे आलो. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, "हिला असं होतंय, हिला तसं होतंय..." तुम्ही लेथ बंद केलात, हात पुसलेत आणि मला म्हणालात, "तिला बोलू द्या की ओ." मग तिच्याकडं वळून, "बाळा, तुला कुठं जड लागतंय?"

मामा, सहा महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. विकणाऱ्यानं नाही, दुरुस्तीवाल्यानं नाही आणि मीही नाही. मी तिला ग्रॅम विचारत होतो. ती आधी गप्प राहिली, मग हातातल्या पेनानं बॅरलच्या टोकापाशी हवेत एक गोल काढला आणि म्हणाली, "इथं. कुणीतरी लोंबकळतंय असं वाटतं."

तुम्ही हसला नाहीत. सुतळीनं रायफल टांगलीत, तोल कुठं साधतोय तिथं खडूची रेघ मारलीत आणि तिलाच दाखवलीत. "आतल्या बॅरलला मी हात लावणार न्हाई, ते कंपनीचं काम. वरची नळी तेवढी बदलू," म्हणालात. आपल्याला काय येत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा कारागीर मला तरी क्वचितच भेटलाय. ज्यांना सगळंच येतं, त्यांच्याकडे आम्ही आधी जाऊन आलोच होतो.

पोलादी स्लीव्ह ४२० ग्रॅमची होती. त्याच मापाची ॲल्युमिनियमची भरली दीडशेच्या आत. पाव किलो म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलेलं. पण वजन टोकाचं गेलं की फरक कसा पडतो हे तुम्ही भरलेली बादली हातभर लांब धरायला लावून मला पटवलंत. परत सुतळीवर टांगली तेव्हा तोल जुन्या रेघेच्या दीडेक बोट मागं आला होता. तिनं खांद्याला लावली, डोळे मिटले, उघडले. नळी होती तिथंच होती.

मजुरीचे सातशे रुपये तुम्ही मोजून घेतलेत, तेही बरं वाटलं. उपकार केल्याचा आव कुठंच नव्हता. निघताना मात्र पितळेच्या तीन कड्या तिच्या हातावर ठेवल्यात. "आत्ता हलकी केलीया. पोरगी वाढंल, ताकद येईल, मग एकेक चढवायची. कधी ते हिचं हिला कळंल."

त्या कड्या तिच्या कंपासपेटीत असतात. परवा रेंजवरून आल्यावर तिनं त्यातली एक काढली, बॅरलवर चढवली, रायफल खांद्याला लावून बघितली आणि परत काढून ठेवली. मी काही विचारलं नाही.

तुमचा,
त्या मुलीचा बाप