एक जूनवाल्यास

नागपूर, मे महिना, रात्री उशिरा

प्रिय वसंता,

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, मध्येच स्वतःचं सुरू करतोस, म्हणून लिहितो. बीपीची गोळी चालू आहे, ऊन नेहमीचंच, कूलरच्या ताट्या परवा बदलल्या. झालं तब्येतीचं.

आता ऐक. नातीला सुट्टीचा अभ्यास आहे. घरातल्या प्रत्येकाच्या जन्ममहिन्यात कोण थोर माणसं जन्मली त्याचा चार्ट करायचा. तिचा स्वतःचा एप्रिल. जोतीराव फुले ११ एप्रिल १८२७, बाबासाहेब १४ एप्रिल १८९१, आपले तुकडोजी महाराज ३० एप्रिल १९०९. पोरगी खूश. मग मोबाइलमध्ये डोकं घालून विचारते, "आबा, हिटलर घेऊ? तोपण एप्रिलचाच." २० एप्रिल १८८९. आणि त्याच साली, चार दिवस आधी, चार्ली चॅप्लिन. म्हणजे नक्कल करणारा आधी येऊन बसला आणि ज्याची नक्कल करायची तो मागून आला. सूनबाईनं हिटलर खोडायला लावला, चॅप्लिन राहिला. तुझ्या वहिनीला जानेवारी मिळाला: सावित्रीबाई, जिजाऊ, विवेकानंद, नेताजी. तेव्हापासून तिच्याकडे दुसरा चहा मागायची सोय उरलेली नाही.

मग माझा नंबर. मी ऐटीत सांगितलं, जून. शाहू महाराज २६ जून १८७४. नरसिंह राव २८ जून १९२१ (रामटेकातून निवडून जायचे तेच, त्यांच्या सभेत तू फक्त मांडवाच्या सावलीसाठी बसला होतास). संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस २९ जून १८९३. तेवढ्यात आक्का, खाटेवर पडल्या पडल्या, डोळेही न उघडता म्हणते, "जूनचा कुठचा रे? तू तं मारबतीचा हायेस."

मारबतीचा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा! इतवारीतून काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे निघालेले, सगळं गाव "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" करत ओरडतंय, आणि नेमका त्याच वेळी मी घरात येतोय. तू मला आठवीपासून बडग्या म्हणतोस, म्हणजे मारबतीसोबत मिरवतात तो पुतळा. तुला कोणी सांगितलं होतं का? खरं बोल.

१ जून गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेला, हे काय आपल्याला नवीन आहे? अर्धा वर्ग १ जूनचा होता, आणि ३१ मेला अर्धा वर्ग एकदम रिटायर झाला. पण मी धरून चाललो होतो की तारीख गुरुजींची असली तरी महिना निदान आईचा असेल.

आता पंचाईत सालाची. आई म्हणायची, बाबासाहेबांची दीक्षा झाली त्याच्या पुढच्या पोळ्याला तू झालास. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, म्हणजे पोळा १९५७ चा, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आक्का म्हणते, छट्, त्या वर्षी दोन श्रावण होते, आईनं पोटुशी असून दोन्ही श्रावणांचे सोमवार धरले होते. अधिक श्रावण आला १९५८ मध्ये, आणि त्या साली पोळा थेट सप्टेंबरच्या मध्यावर गेला. आई खोटं बोलायची नाही आणि आक्का उपास विसरायची नाही. ऑगस्ट धरला तर आचार्य अत्रे, अण्णाभाऊ साठे, बहिणाबाई. मदर तेरेसा तर त्याच आठवड्यातल्या. सप्टेंबर धरला तर विनोबा, भाऊराव पाटील, भगतसिंग. माझं तोंड अत्र्यांचं आहे आणि डॉक्टरनं जेवण विनोबांचं करून ठेवलंय, त्यामुळे तिथूनही काही निकाल लागत नाही.

नातीला म्हटलं, बाई, थोरामोठ्यांचंही असंच असतं. न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडात २५ डिसेंबर १६४२ होता, नव्या कॅलेंडरनं तोच दिवस ४ जानेवारी १६४३. महिना तर गेलाच, सालही गेलं. शिवाजी महाराजांचं वैशाख शके १५४९ की फाल्गुन शके १५५१, म्हणजे इसवी १६२७ की १६३०, यावर आपण हॉस्टेलात रात्रभर भांडलो होतो. जेधे घराण्याच्या जुन्या शकावलीत फाल्गुनच आहे, सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ठरवली, तरी तू अजून तिथीलाच नारळ फोडतोस. शाहू महाराजांचा जन्मही जुन्या पुस्तकांत २६ जुलैला दिलेला सापडतो. पोरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आबा, ते सगळे थोर आहेत. तुम्ही नाही ना."

ते जाऊ दे. पोरगा आता म्हणतो, यंदा १ जूनचा केक रद्द, वाढदिवस मारबतीलाच करू. उत्साहात आहे, सगळ्यांना फोन करून सांगतोय. मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते घरात कोणाला समजावता येत नाही. १ जूनला सकाळी आपण तर्री-पोहे खायचे, पैसे मोठ्यानं द्यायचे, आणि तारीख एकच म्हणून मोठा कोण हे ठरायचंच नाही, मग तिथेच गल्ल्यासमोर भांडायचं. पोहेवाला कंटाळून जायचा. आता मी कागदापेक्षा लहान निघालो, कमीत कमी अडीच-तीन महिन्यांनी, आक्काचं धरलं तर सव्वा वर्षानं. म्हणजे तू मोठा, आणि सगळ्या पोह्यांचे पैसे तुझ्याकडे निघतात. पण मी मारबतीला गेलो तर जूनमध्ये तू एकटाच उरतोस. शाहू महाराज आहेत म्हणा सोबतीला, पण ते भांडणार थोडेच.

आणि तुझा तरी १ जून खरा कशावरून? गुरुजींनी वय बघायला तुलाही डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला होता, तू तर पहिल्यांदा नाकच धरलंस.

गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घे. पोराचा व्हिसा झाला का? वहिनींना नमस्कार सांग, पुण्याचं पाणी मानवतंय ना त्यांना?

काटोलची मावशी अजून धडधाकट आहे ना? तिला विचार. चार्टात मी माझ्या नावासमोर सध्या पेन्सिलीनं जूनच लिहायला लावलंय, नात शाळा उघडेपर्यंत थांबायला तयार आहे. फक्त मावशीला विचारताना पोळा, मारबत, दसरा असं आपणहून काही सुचवू नकोस. म्हातारी "हाव" म्हणून मोकळी होईल.

तुझा,
बडग्या