पुन्हा खेळायचं तर मैदान हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक एक फ्लॉप ठरलेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरतोय. त्यात दोन गोष्टी हमखास असतात, एक म्हणजे त्याला पूर्वी किती कोटी मिळाले होते आणि दुसरी त्याची जिद्द. पण मधल्या काळात तो खेळला कुठे, हे कोणी लिहीत नाही. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, जागा कमी पडली तर अमेरिकेबद्दलचं कापा पण शेवटी इंदूरच्या पोरांबद्दल लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

मी बरीच वर्षं अमेरिकन फुटबॉल बघतो, ते हेल्मेट घालून लांबट बॉल हातात घेऊन पळतात ना ते. मोठा भाऊ तिकडे राहतो, त्याच्यामुळे नाद लागला. तिथे एनएफएल ही सगळ्यात मोठी लीग, तिच्यात दर वर्षी एप्रिलच्या सुमारास कॉलेजमधल्या पोरांचा ड्राफ्ट होतो. 32 टीम्स, सात राऊंड, आणि मागच्या सीझनला जी टीम तळाला असते तिला पहिला नंबर. आयपीएलसारखी बोली नाही लागत, टीमने नाव पुकारलं की पोरगा तिचा. म्हणजे ज्या पोराकडून सगळ्यात जास्त अपेक्षा, तो बहुतेक वेळा सगळ्यात मोडकळीला आलेल्या टीममध्ये जाऊन पडतो, हे लोक लक्षातच घेत नाहीत.

2007 साली असाच पहिल्या नंबरवर जामार्कस रसेल गेला, ओकलंड रेडर्सकडे, ही टीम आधीच्या सीझनला 16 पैकी 14 मॅच हरली होती. रसेल क्वार्टरबॅक, म्हणजे पूर्ण टीमचा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो. उंचापुरा, हात असा की बॉल कुठल्या कुठे फेकायचा. कॉन्ट्रॅक्टचं घोंगडं सप्टेंबरपर्यंत भिजत पडलं, सीझन सुरू झाल्यावर सही झाली, तोवर सगळा ट्रेनिंग कॅम्प हातचा गेला होता. तीन सीझनमध्ये त्याने 25 मॅच सुरुवातीपासून खेळल्या, त्यातल्या सात जिंकल्या. वजन वाढत गेलं. मे 2010 मध्ये टीमने सोडून दिलं तेव्हा तो 24 वर्षांचा होता. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला गेलेला कॅल्विन जॉन्सन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला, त्यामुळे रसेलचं नाव निघालं की तुलना होतेच होते.

2013 च्या सुरुवातीला रसेलने ठरवलं की परत खेळायचं. वजन 300 पौंडांच्या वर गेलं होतं, म्हणजे 136 किलोच्या पुढे. ते उतरवायला लागला, जुन्या जाणत्या लोकांकडून ट्रेनिंग घेतलं, आणि जूनमध्ये शिकागो बेअर्सने त्याला मिनीकॅम्पमध्ये ट्रायल दिली. पण घेतलं नाही. पुढे 2016 ला त्याने सगळ्या 32 टीम्सना पत्र पाठवलं की एक वर्ष फुकट खेळतो पण संधी द्या, अशी बातमी आली होती. ती वाचून मला फार वाईट वाटलं होतं. त्याची चूक नव्हती असं मी मुळीच म्हणत नाही, तरुणपणी एवढी मोठी संधी मिळाल्यावर शरीराकडे दुर्लक्ष झालं तर त्याची किंमत मोजावी लागते. पण जून 2013 मध्ये शिकागोच्या कोचसमोर जो माणूस उभा होता तो तीन वर्षांहून जास्त काळ या लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नव्हता. वजन उतरवता येतं, पळता येतं, मैदान रिकामं असलं की बॉलही सुरेख फेकता येतो. पण समोरून सव्वाशे किलोचा माणूस अंगावर धावून येत असताना दोन-अडीच सेकंदांत कोणाकडे फेकायचं हे ठरवायचं असतं, आणि ते जिममध्ये शिकता येत नाही, ते मॅचमध्येच परत अंगात येतं.

याच्या उलट टॉमी मॅडॉक्सचं बघा. मला रसेलपेक्षा याची गोष्ट जास्त आवडते आणि आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीत नाही. 1992 च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला पहिल्या राऊंडमध्ये 25 व्या नंबरला घेतलं, वय अवघं वीस. तिथे आधीच जॉन एलवे नावाचा दिग्गज बसलेला. एलवे जखमी झाला तेव्हा मॅडॉक्सला चार मॅच मिळाल्या, चारही हरला. मग एक टीम, दुसरी टीम, तिसरी टीम असं होत होत 1997 मध्ये अटलांटाने कॅम्पमधूनच घरी पाठवलं. त्यानंतर तो टेक्सासमध्ये इन्शुरन्स विकायला लागला. खरंच, आपल्याकडे एलआयसीचे एजंट घरोघर जातात ना तसा हा पहिल्या राऊंडचा खेळाडू पॉलिसी विकत होता, आणि मला यात काही कमीपणा वाटत नाही, घर चालवायला लागतं.

पण तिथे खालच्या लीग होत्या. 2000 साली तो अरीना फुटबॉलमध्ये गेला, छपराखाली छोट्या मैदानावर खेळतात ते, न्यू जर्सी रेड डॉग्जकडून. मग 2001 ला एक्सएफएल नावाची लीग आली, तिच्या भपक्याची सगळ्यांनी टिंगल केली आणि ती एका सीझनमध्ये बंदही पडली, पण त्या एका सीझनमध्ये मॅडॉक्स लॉस एंजेलिस एक्स्ट्रीमकडून खेळला, टीम चॅम्पियन झाली, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या जोरावर पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतलं. 2002 च्या सीझनमध्ये तो मुख्य क्वार्टरबॅक झाला, नोव्हेंबरमध्ये टेनेसीविरुद्ध पाठीच्या कण्याला असा मार बसला की काही काळ हातपाय हलेनात, तरी दोन मॅच बाहेर बसून परत आला, आणि जानेवारी 2003 मध्ये प्लेऑफला क्लीव्हलंडविरुद्ध 24-7 ने मागे असताना 36-33 ने मॅच काढली. त्या वर्षीचा 'कमबॅक प्लेअर'चा किताब त्यालाच मिळाला.

आता मॅडॉक्समध्ये जिद्द होती आणि रसेलमध्ये नव्हती असं कसं म्हणणार? मॅडॉक्स इन्शुरन्सच्या ऑफिसातून थेट पिट्सबर्गच्या ट्रायलला गेला असता तर त्यालाही दुसऱ्या दिवशी परत पाठवलं असतं. मधे दोन सीझन तो कुठेतरी पडत-झडत, कमी पैशात, कमी लोकांसमोर पण मॅचेस खेळत होता. रसेल परत यायला निघाला तोवर त्यातले बरेच दरवाजे बंद झाले होते. एनएफएलची युरोपातली लीग 2007 मध्येच गुंडाळली, म्हणजे ज्या वर्षी तो ड्राफ्ट झाला त्याच वर्षी. युनायटेड फुटबॉल लीग 2012 ला संपली. कर्ट वॉर्नर, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं आणि जो रात्री किराण्याच्या दुकानात माल लावायचा, तो अरीना आणि युरोप याच वाटेने वर आला होता. कॅनडाची लीग तेव्हाही होती, रसेलने तिकडे जायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण खालच्या पायऱ्याच काढून घ्यायच्या आणि वर चढला नाही म्हणून पोराला नावं ठेवायची हे बरोबर नाही.

आता आपल्या इंदूरचं. रजत पाटीदारला आयपीएलच्या 2022 च्या मोठ्या लिलावात कोणी घेतलं नव्हतं. तो घरी होता, मे महिन्यात लग्न ठरलेलं, तेवढ्यात बंगळुरूच्या टीममध्ये एक जण जखमी झाला, याला फोन आला, लग्न पुढे ढकलून हा गेला. 25 मे ला ईडन गार्डनवर 54 बॉलमध्ये नाबाद 112. पुढच्याच महिन्यात रणजीच्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध 122, आणि मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. मग टाचेच्या दुखण्यामुळे 2023 चं अख्खं आयपीएल गेलं. आणि 3 जून 2025 ला त्याच्याच कप्तानीत बंगळुरूने पहिली ट्रॉफी उचलली, त्या रात्री राजवाड्यावर काय जल्लोष झाला असेल ते वेगळं सांगायला नको. हा पोरगा फोन आला तेव्हा तयार होता कारण लिलावात नाव आलं नाही तरी त्याच्याकडे खेळायला मॅचेस होत्या. क्लब, डिव्हिजन, मुश्ताक अली ट्रॉफी, रणजी, अशी शिडी आहे. व्यंकटेश अय्यरला कोलकात्याने 23.75 कोटी दिले, सीझन खराब गेला, सोडून दिलं, पण तो परत आला की मध्य प्रदेशची टीम आहेच. ही शिडी काही आपोआप आली नाही, होळकरांनी सी. के. नायडूंना फौजेत कर्नलचा हुद्दा देऊन इथे ठेवलं, होळकर नावाची टीम उभी केली, तिने चार वेळा रणजी जिंकली, तिथपासून हे चालत आलंय.

आपल्याकडच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलचं मात्र तसं नाही. आयएसएलमध्येही, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2014, 2015 आणि 2017 ला भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला होता, आणि पहिली तीन वर्षं सीझनच ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच होता. ज्याला ड्राफ्टमध्ये घेतलं आणि बेंचवर बसवलं त्याला दुसऱ्या क्लबात जागा नसेल तर उरलेले नऊ महिने करायचं काय? 2025 च्या जुलैमध्ये तर पूर्ण आयएसएलच थांबवून ठेवलं होतं. वरच्यांची ही गत, तर खालच्यांचं काय सांगावं.

माझा भाचा डावा विंगर. पंधराव्या वर्षी त्याला बाहेरच्या राज्यातल्या एका अकादमीने उचललं, घरात पेढे वाटले. सतरा वर्षांचा होतोय न होतोय तोच गुडघा दुखावला, बरा झाला तोवर त्याच्या जागी दुसरा आला होता, आणि मग सामान घेऊन घरी. गल्लीतली पोरं विचारायची, 'काय भिया, वापस आला का?' आणि तो मान खाली घालून निघून जायचा. आता वीसचा आहे. पहाटे मैदानावर जातो, क्रिकेटची नेट लागायच्या आत त्याला आटपावं लागतं. दोन विटा ठेवून गोल करतो, डाव्या पायाने वळवून वळवून बॉल त्या विटांमधून काढत राहतो, बुटाचा तळ मोच्याकडून शिवून आणलाय, गुडघ्याला पट्टा. मेहनतीत कुठे कमी नाहीये हो. पण ट्रायलला गेला की आधी फॉर्म देतात, त्यात एक रकाना असतो, मागच्या दोन सीझनमध्ये कोणत्या क्लबकडून किती मॅच खेळलात. तो रकाना त्याचा कोराच जातो. कोच लोक त्या रकान्याकडे बघतात आणि पुढचा फॉर्म उचलतात, आणि मी त्यांनाही दोष देणार नाही, त्यांना माणूस मॅचमध्ये कसा वागतो ते कळायला हवं ना.

अशी पोरं इंदूरमध्ये आणि महूला बरीच आहेत. अकादमीतून, स्पोर्ट्स हॉस्टेलमधून परत पाठवलेली. आपण त्यांना ताबडतोब सांगतो, बाळा आता बँकेच्या परीक्षेला बस. बसू दे की, पण सोबत खेळूही दे. मॅडॉक्सने इन्शुरन्स विकला आणि मग खेळलाच ना.

जे फुटबॉल चालवतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की अठराच्या वरच्या, कुठल्याच अकादमीत नसलेल्या पोरांसाठी ऑक्टोबर ते मार्च अशी एक साधी लीग घ्या. तीन दिवसांचा, हरलं की घरी असा टूर्नामेंट नको, त्यात एका मॅचवर सगळं संपतं. प्रत्येक टीमला दर आठवड्याला एक तरी मॅच मिळेल अशी लीग हवी. ड्रेस नसला तरी चालेल, पण रेफरी हवा आणि स्कोअरशीट हवी, सही-शिक्क्यासकट, म्हणजे तो रकाना भरता येईल. ज्या शाळांची मैदानं संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असतात त्यांनी रविवारी एक दिवस उघडावीत. आपल्या मराठी मंडळांनी गणपतीत जेवढा खर्च मांडवावर होतो त्यातला थोडासा चुना, जाळी आणि रेफरीच्या मानधनासाठी काढावा, मी माझ्याकडून सुरुवात करायला तयार आहे.

आणि आपल्याला विनंती अशी की ही लीग सुरू झाली तर सोमवारच्या अंकात चार ओळी द्या, कोण जिंकलं, गोल कोणी केले. निकाल मी स्वतः रविवारी रात्री नऊच्या आत आपल्या ऑफिसात आणून देईन, रेफरीच्या सहीच्या स्कोअरशीटची झेरॉक्स जोडून.

कळावे,
आपला एक जुना वाचक
लोकमान्य नगर, इंदूर